सातपुड्याच्या उतारावर वणव्यात टिकणारे काँक्रीटचे अतिथिगृह : जागेच्या निवडीपासून देखभालीपर्यंत

काँक्रीट जळत नाही, म्हणून काँक्रीटची इमारत वणव्यात सुरक्षित राहते, अशी समजूत सर्रास आढळते आणि ती अर्धीच खरी आहे. डोंगरउतारावरच्या वणव्यात भिंती आणि स्लॅब बहुधा शाबूत राहतात. परंतु उघड्या झरोक्यातून आत शिरलेली ठिणगी, उष्णतेने तडकलेली काच, खिडकीला टांगलेल्या कूलरमधले वाळके गवत किंवा भिंतीला टेकवून ठेवलेले सरपण यांमुळे आतले सामान पेटते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी इमारत आतून जळून जाते. त्यामुळे अशा अतिथिगृहाचा आराखडा बाहेरून आत करत यावे लागते. आधी जमीन, मग आकार, त्यानंतर दारे-खिडक्या आणि सर्वांत शेवटी काँक्रीट, असा तो क्रम आहे. पुढील विवेचन चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील सातपुड्याचा पायथा, तोरणमाळचा परिसर किंवा चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या बाजूचे डोंगर अशा ठिकाणी सहा-आठ खोल्यांचे, तळमजल्याचे किंवा फार तर त्यावर एक मजला असलेले अतिथिगृह बांधू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

जागा पाहताना

खानदेशातील हे डोंगर शुष्क पानगळीच्या जंगलाचे आहेत. साग, सालई, धावडा, तेंदू, मोह आणि अंजन यांची पाने हिवाळ्याच्या अखेरीपासून गळू लागतात, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला चांगला पाऊस होईपर्यंत जमिनीवर वाळक्या पाल्याचा थर पडून राहतो. त्यात कुसळी गवत गुडघ्याएवढे वाढून वाळलेले असते. काही उतारांवर रोशा गवतही असते, ज्याच्या तेलाच्या भट्ट्या एकेकाळी खानदेशात चालत असत. अंगातच तेल असलेले हे गवत पेटले की ज्वाळा उंच उठतात. म्हणून जागा पावसाळ्यात पाहू नये. श्रावणात हिरवीगार दिसणारी टेकडी एप्रिलमध्ये कशी असते, हे एप्रिलमध्येच जाऊन पाहावे आणि खालच्या उतारावर नेमके काय वाळलेले आहे याची नोंद करावी.

वणवा उतारावरून वर चढताना वेग घेतो, कारण ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात आणि ते पेटण्याआधीच वाळून तापलेले असते. उतार दर दहा अंशांनी वाढला की वेग सुमारे दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातील वणवाशास्त्रातून आलेला ठोकताळा आहे. म्हणजे वीस अंशांच्या उतारावर आग सपाटीच्या चौपट वेगाने चढते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर दिवसभर ऊन पडते, त्यामुळे तिथला पाला अधिक कोरडा असतो, आणि तापी खोऱ्याकडे पाहणारा सातपुड्याचा उतार नेमका दक्षिणाभिमुख आहे. दोन सोंडांमधली घळ आणि डोंगरमाथ्यावरची खिंड या दोन जागा कटाक्षाने टाळाव्यात, कारण घळ धुराड्यासारखी काम करते आणि खिंडीत वारा एकवटतो. उताराच्या ऐन कडेवर, दृश्य चांगले दिसते म्हणून, इमारत उभी करू नये. एकमजली इमारत कडेपासून किमान दहा मीटर मागे असावी, आणि वर मजला असेल तर त्याहून अधिक.

कागदपत्रांची पूर्तता जागेइतकीच महत्त्वाची आहे. सातबारा उतारा, मोजणीचा नकाशा, लागू असल्यास अकृषिक वापराची परवानगी आणि जमीन वनक्षेत्रात किंवा यावल, गौताळा यांसारख्या अभयारण्यांच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येते का, याची वनविभागाकडून खातरजमा, हे सारे इसार देण्यापूर्वी व्हावे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ आणि ३६अ यांचे कडक निर्बंध आहेत. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याला हा प्रश्न हमखास येतो आणि त्यात आडवाट शोधणे अन्यायाचेही आहे आणि धोक्याचेही. १:५ पेक्षा तीव्र उतारावर राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार साधारणपणे बांधकामाला परवानगी मिळत नाही. १:५ म्हणजे सुमारे अकरा अंश. परवानगीच्या मर्यादेतला हा उतारदेखील वणव्याचा वेग दुप्पट करण्याइतका आहे, हे लक्षात ठेवावे.

अग्निशमन बंब तालुक्याच्या किंवा नगरपालिकेच्या ठिकाणाहून यायचा असतो आणि घाटरस्त्याने त्याला वेळ लागतो. तरीही तो आला तर इमारतीपर्यंत पोहोचला पाहिजे. रस्ता किमान चार मीटर रुंद असावा, वर झुकलेल्या फांद्या साडेचार मीटर उंचीपर्यंत छाटलेल्या असाव्यात आणि शेवटी मोठे वाहन वळवण्याइतकी मोकळी जागा असावी. बाहेर पडण्यासाठी वाहनाचा दुसरा रस्ता शक्य नसेल, तर चालत जाण्याजोगी दुसरी वाट आखून ठेवावी. मात्र ती वर चढणारी नसावी.

पाया, जोते आणि रिटेनिंग वॉल

वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वी जागेचा समोच्च रेषांचा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा करून घ्यावा. रेषांमधले उंचीचे अंतर अर्धा ते एक मीटर असावे. इमारतीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक आणि मध्यभागी एक असे चाचणीचे खड्डे घ्यावेत. पायथ्याला तापीकाठची काळी कापसाची माती असते, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; वर गेल्यावर मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट लागतो. मधल्या पट्ट्यात जुन्या दरडीचा सैल गोट्यांचा भराव असू शकतो आणि तो वरून पक्क्या मुरमासारखाच दिसतो. तो ओळखण्यासाठीच खड्डे घ्यायचे असतात.

उतार अर्धा खणून निघालेला माल पुढे टाकायचा आणि त्या भरावावर अर्धी इमारत उभी करायची, ही पद्धत डोंगरावर सर्वत्र दिसते आणि त्यातूनच भिंतींना तिरक्या भेगा पडतात. सर्व फुटिंग (कॉलमखालचे पायाचे ठोकळे) मूळ पक्क्या थरावर, टप्प्याटप्प्याने घ्यावेत, आणि लगतच्या दोन फुटिंगच्या कडांना जोडणारी रेषा मातीत दोन आडव्यास एक उभा यापेक्षा तीव्र नसावी. भरावावर अंगण करता येते, कॉलम उभा करता येत नाही.

उतारावरच्या इमारतीत वरच्या बाजूचे कॉलम आखूड आणि खालच्या बाजूचे लांब होतात. भूकंपात आखूड कॉलम ताठ असल्यामुळे अधिक जोर ओढून घेतात आणि आधी तुटतात. तापी खोऱ्याचा हा पट्टा भूकंपाच्या नकाशात अनेक वर्षे तिसऱ्या विभागात गणला गेला आहे, म्हणून संरचना अभियंत्याने आयएस १३९२० या भारतीय मानकाप्रमाणे सांगाड्याला लवचिकता देणारी सळयांची तपशीलवार मांडणी केली पाहिजे. त्याहून सोपा उपाय असा की जमिनीला पायऱ्यांसारखे सपाट टप्पे द्यावेत, प्रत्येक टप्प्यावर सर्व कॉलम समान उंचीचे ठेवावेत आणि मातीचा दाब घेणारी रिटेनिंग वॉल इमारतीच्या सांगाड्यापासून वेगळी बांधावी.

खालच्या बाजूला उंच खांबांवर इमारत उचलून खालची जागा मोकळी सोडण्याचा मोह आवरावा. त्या पोकळीत वाऱ्याने पाला साचतो, मग तिथे जुने फर्निचर, रंगाचे डबे, सरपण ठेवले जाते, आणि वर चढणारा वणवा थेट तिथेच येऊन पोहोचतो. खाली आग किती वेळ जळत राहील हे सांगता येत नाही आणि वरच्या स्लॅबला खालून मिळणारी अशी दीर्घ उष्णता ही वणव्याच्या झोतापेक्षा कितीतरी घातक असते. पोकळी टाळता येत नसेल, तर ती दगडी भिंतीने पूर्ण बंद करावी आणि तिला लोखंडी दार व बारीक जाळीचे झरोके ठेवावेत.

रिटेनिंग वॉल स्थानिक काळ्या दगडाची बांधता येते आणि ती दिसतेही सुरेख; पण तिच्यामागे साचणारे पाणी हाच तिचा शत्रू आहे. भिंतीमागे खडीचा थर, त्यामागे माती अडवणारे जिओटेक्सटाइल कापड आणि भिंतीत दीड-दीड मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची पाझर छिद्रे ठेवावीत. वरच्या अंगाला पावसाचे पाणी वळवणारी चर पहिल्याच वर्षी खणावी. ज्या उतारावरचे गवत वणव्यात जळून गेले आहे, तिथे पुढच्या पावसाळ्यात माती आणि गोटे अधिक वेगाने खाली येतात. म्हणून चरीचा आकार नेहमीच्या हिशेबापेक्षा मोठाच धरावा.

इमारतीभोवतीचे तीन पट्टे

घरे का जळतात आणि का वाचतात याचा अमेरिकेच्या वनसेवेतील जॅक कोहेन यांनी दीर्घ अभ्यास केला आणि दूरच्या जंगलापेक्षा घर व त्याच्या सभोवतालची सुमारे तीस मीटर जमीन निर्णायक ठरते, असे दाखवून दिले. हाच हिशेब आपल्याकडे लागू करताना जमिनीचे तीन पट्टे पाडावेत.

भिंतीलगतच्या दीड मीटरमध्ये जळणारे काहीही नसावे. तिथे फरशी, दगडी लादी किंवा खडी घालावी. वेल, कुंड्या, पायपुसणे, केरसुणी, प्लास्टिकच्या खुर्च्या यांपैकी काहीही उन्हाळ्यात तिथे राहू नये. पुढे नऊ मीटरपर्यंत पाण्याखालची हिरवी झाडे चालतात. केळी आणि पपईदेखील चालतात, मात्र केळीची वाळलेली पाने लोंबत राहू देऊ नयेत. त्यापुढे तीस मीटरपर्यंत, आणि उताराच्या खालच्या बाजूला त्याहूनही दूरवर, गवत जानेवारीअखेर कापून वाहून न्यावे आणि झाडांच्या जमिनीपासून दोन-तीन मीटरपर्यंतच्या फांद्या छाटाव्यात, जेणेकरून गवतातली आग टणटणीच्या झुडपावरून फांदीवर आणि फांदीवरून शेंड्यावर चढणार नाही. झाडे सरसकट तोडण्याची गरज नाही आणि सागासारखे झाड स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरही परवानगीशिवाय तोडता येत नाही. उतारावर एक-दीड मीटर उंचीचे दगडी बांध समोच्च रेषेत घातले, तर ते माती धरतात आणि खालून येणाऱ्या आगीची उष्णताही अडवतात.

जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, आपल्या मनाने घेऊ नये. वनविभाग आपल्या हद्दीत आगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जाळरेषा घेतो. परिक्षेत्र कार्यालयाशी बोलून आपली हद्द आणि त्यांची जाळरेषा यांची सांगड घालावी. वनहद्दीत आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. वणवा दिसल्यास कळवण्यासाठी महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून टिपलेल्या आगीच्या सूचना नोंदणी केलेल्या मोबाइलवर पाठवते. ती नोंदणी मालकाने आणि व्यवस्थापकाने अवश्य करावी.

याच्या जोडीला एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे टपटप गळतात आणि ती वाळक्या पाल्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळून जागा स्वच्छ करण्याची जुनी रीत आहे. ही आग कधीकधी आवरत नाही. यात पाड्यावरच्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण मोह हे त्याच्या वर्षाच्या उत्पन्नाचे साधन आहे. अतिथिगृहाच्या मालकाने आपल्या परिसरातील मोहाच्या झाडांखालचा पाला झाडून काढण्याची मजुरी द्यावी किंवा झाडाखाली पसरायच्या जाळ्या पुरवाव्यात. ही बाब अंदाजपत्रकात बांधकामाच्या खर्चासारखीच मांडावी. वणवा लागला की सर्वांत आधी धावून येणारी माणसेही त्याच पाड्यावरची असतात.

आकार, छत आणि उघडझाप होणारे भाग

इमारतीचा आकार साधा चौकोनी असावा. जिथे भिंत आत वळते, जिथे दोन छपरे मिळून पन्हळ तयार होते, तिथे वाऱ्याने आलेला पाला आणि त्यामागून येणाऱ्या ठिणग्या साचतात. मंगलोरी कौलांखालच्या लाकडी रिपा, बांबूची तट्टी आणि गवताचे शाकारलेले छप्पर ‘गावाकडचे रूप’ म्हणून पाहुण्यांना आवडते, परंतु वणव्याच्या पट्ट्यात त्याला जागा नाही. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांचे सपाट छत हे अधिक योग्य स्थानिक रूप आहे. आरसीसी स्लॅब, त्यावर कोबा आणि भक्कम पॅरापेट (गच्चीचा कठडा) यांतून तेच रूप साधता येते. पॅरापेटमधली पाणी जाण्याची तोंडे जाळीने झाकावीत आणि गच्चीवरचा पाला दर आठवड्याला काढावा. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर झोपण्याची पद्धत आहे. सकाळी गाद्या, चादरी, खाटा तिथेच राहतात. त्यांच्यासाठी गच्चीवर दार असलेली पक्की खोली आराखड्यातच दाखवावी.

झरोके, खिडक्या आणि गटारांची तोंडे यांवर स्टेनलेस स्टीलची किंवा गॅल्व्हनाइज्ड जाळी बसवावी, जिचे छिद्र दोन मिलिमीटरपेक्षा मोठे नसेल. नायलॉनची मच्छरदाणीची जाळी ठिणगी लागताच वितळून भोक पडते, त्यामुळे ती ठिणगीपुरती नसल्यातच जमा आहे. साधी काच उष्णतेने तडकते, कारण तिचा मधला भाग तापतो आणि चौकटीत दबलेली कड थंड राहते. टफन केलेली, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेली, काच हा ताण बऱ्याच अधिक प्रमाणात सहन करते. उताराच्या खालच्या बाजूच्या खिडक्यांना किमान सहा मिलिमीटर जाडीची टफन काच, लोखंडी चौकट आणि बाहेरून बंद होणारी पत्र्याची झडप असावी. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) चौकटी उष्णतेने मऊ पडून काच निसटते, म्हणून या बाजूला त्या वापरू नयेत.

येथे एक खरी अडचण उभी राहते. पाहुणा येतो तो खाली पसरलेले तापीचे खोरे पाहण्यासाठी, आणि ते दृश्य नेमके धोक्याच्या बाजूला असते. खिडकीच काढून टाकणे हे त्याचे उत्तर नव्हे. दृश्याच्या बाजूला चार-पाच मीटर रुंदीचे दगडी फरशीचे अंगण ठेवावे, त्याला भरीव दगडी कठडा घालावा, खिडक्यांची संख्या कमी पण आकार नेमका ठेवावा आणि प्रत्येकीला झडप द्यावी. लाकडी डेक मात्र नको.

मुख्य दार भरीव लाकडाचे असल्यास त्यावर बाहेरून पत्रा मढवावा. पोकळ फ्लश डोअर बाहेरच्या बाजूला वापरू नये. दाराखालची फट लहान वाटते, पण वारा ठिणग्या नेमक्या तिथेच ढकलतो. उंबरठा उचलून ती बंद करावी.

काँक्रीट, सळई आणि कव्हर

वणव्याची ज्वाळा एका जागी फार काळ थांबत नाही; गवताची आग काही मिनिटांत पुढे सरकते. तेवढ्यात भरीव काँक्रीटचे फारसे बिघडत नाही. सांगाड्याची खरी परीक्षा होते ती आतले सामान पेटून आग तास-दोन तास चालली तर. सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत काँक्रीटची ताकद फारशी कमी होत नाही. त्यापुढे ती घसरत जाते. सळई साधारण ५५० ते ६०० अंशांना निम्मी ताकद गमावते. म्हणजे सळईवरचे काँक्रीटचे आवरण, ज्याला साइटवर कव्हर म्हणतात, तेच वेळ मिळवून देते. आपल्या डोंगरातील बेसाल्टची खडी या दृष्टीने चांगली आहे, कारण क्वार्ट्झयुक्त खडी ५७३ अंशांना एकाएकी फुगते. बेसाल्टमध्ये तो दोष नाही.

काँक्रीटच्या बांधकामाचे भारतीय मानक आयएस ४५६:२००० नुसार दोन तासांच्या अग्निरोधासाठी चारही बाजूंनी उघडा कॉलम किमान ३०० मिलिमीटर रुंदीचा, बीम २०० मिलिमीटर रुंदीचा आणि स्लॅब १२५ मिलिमीटर जाडीचा लागतो. कव्हर कॉलमला ४० मिलिमीटर, सलग (दोनपेक्षा अधिक आधारांवरून जाणाऱ्या) बीमला ३० आणि साध्या आधाराच्या (केवळ दोन टोकांवर टेकलेल्या) बीमला ४०, सलग स्लॅबला २५ आणि साध्या आधाराच्या स्लॅबला ३५ मिलिमीटर असावे. दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी एक तासाचा हिशेब अनेकदा पुरतो. परंतु जिथे अनोळखी माणसे झोपलेली असतात आणि बंब उशिरा पोहोचणार आहे, तिथे दोन तासांचाच आग्रह धरावा. काँक्रीट एम २५ प्रतीचे आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ पेक्षा अधिक नसलेले असावे.

कागदावरचे हे कव्हर साइटवर कसे हरवते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवलेला असतो. स्लॅबवर घमेली घेऊन चालणाऱ्या मजुरांच्या पायाखाली तो तुकडा निसटतो आणि सळई सेंट्रिंगच्या (काँक्रीटच्या तात्पुरत्या साच्याच्या) प्लेटवर टेकते. कॉलममध्ये सांगाडा एका अंगाला झुकलेला असला, तर एका बाजूला साठ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला वीस मिलिमीटर कव्हर मिळते. सेंट्रिंग काढल्यावर सळईची रेष दिसली की त्यावर प्लास्टर मारून विषय संपवला जातो. म्हणून कास्टिंगच्या आदल्या संध्याकाळी मालकाने किंवा त्याच्या अभियंत्याने पट्टी घेऊन प्रत्येक कॉलमच्या चारही बाजू आणि स्लॅबमध्ये दर मीटरवर कव्हर मोजावे. कव्हर ब्लॉक सिमेंट-वाळूचे, बांधायच्या तारेसह आधीच तयार करून, पाण्यात मुरवलेले असावेत. व्हायब्रेटर दोन ठेवावेत, कारण एक बंद पडला की मिस्त्री सळईने ठोसून काम उरकतो.

खानदेशात कास्टिंगची योग्य वेळ डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. एप्रिल-मेमध्ये, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे जात असताना, पाणी झपाट्याने उडून स्लॅबच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. उन्हाळ्यात काम अटळ असेल, तर खडी सावलीत ठेवून तिच्यावर पाणी मारावे, पहाटे कास्टिंग करावे आणि लगेच ओले गोणपाट पसरावे. पीपीसी (पोझोलाना मिसळलेले) सिमेंट असल्यास किमान दहा आणि शक्यतो चौदा दिवस पाणी मारावे. भिंतींसाठी २३० मिलिमीटरची वीट किंवा २०० मिलिमीटरचे एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक पोकळ्या असलेले काँक्रीटचे ठोकळे) दोन्ही चालतात. एएसी हलके असल्यामुळे उतारावर वाहून नेणे सोपे जाते आणि उष्णताही कमी आत येते.

उन्हाळा सोसणारी इमारत

ही बाब वरवर विषयाबाहेरची वाटेल, पण ती मुळीच तशी नाही. मे महिन्यात स्लॅब तापून खोली राहण्याजोगी उरली नाही, तर व्यवस्थापक एका हंगामात हिरवी शेडनेट ताणतो, बांबूचा मांडव घालतो, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावतो आणि प्लास्टिकचे कूलर टांगतो. आराखड्यात काळजीपूर्वक टाळलेले सारे जळाऊ पदार्थ अशा रीतीने भिंतीला येऊन चिकटतात. म्हणून थंडावा आराखड्यातूनच मिळाला पाहिजे.

स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा दरवर्षी चुन्याचा पांढरा हात द्यावा. अधिक रोधक थर हवा असेल तर फोम काँक्रीट किंवा रॉकवूल वापरावे, थर्मोकोल नको. पश्चिमेच्या भिंतीत खिडक्या कमी ठेवाव्यात आणि सावलीसाठी सहाशे मिलिमीटरचा आरसीसी छज्जा व सिमेंटच्या जाळ्या वापराव्यात. छताजवळ झरोके ठेवल्यास गरम हवा निघून जाते. त्यांना वर सांगितलेली जाळी असतेच.

कूलर खानदेशात टाळता येत नाही. तो लोखंडी असावा, उताराच्या वरच्या बाजूच्या भिंतीला असावा आणि त्याच्या तिन्ही अंगांना बाहेरून बारीक धातूची जाळी असावी. बंद कूलरमधील वुडवूल, म्हणजे पॅडमधले गवतासारखे दिसणारे लाकडाचे तंतू, काही तासांत सुकते आणि ठिणगीला त्याहून सोयीची जागा नसते. वणव्याची चाहूल लागताच पंखा बंद करून पॅड भिजवावेत किंवा काढून टाकावेत, कारण चालू पंखा धूर आणि ठिणग्या आत ओढतो.

पाणी

यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजल खोल गेले आहे आणि मे महिन्यात बोअर आटणे नवलाचे नाही. त्यामुळे आगीसाठीचे पाणी वेगळे साठवले पाहिजे. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के गोळा झाला, तर एक लाख बारा हजार लिटर पाणी मिळते; त्यातले पंचवीस हजार लिटर आगीसाठी राखणे अवघड नाही. मिनिटाला ४०० लिटर फेकणारा पंप हे पाणी तासाभर पुरवतो. टाकी एकच असेल, तर रोजच्या वापराची नळजोडणी टाकीच्या तळापासून नव्हे, तर राखीव पाण्याच्या पातळीच्या वरून घ्यावी, म्हणजे राखीव साठा कोणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून राहत नाही. टाकी इमारतीपेक्षा दहा मीटर उंचावर बसवता आली, तर पंपाशिवायही सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो. पंप डिझेलचा असावा, कारण वणव्यात वीज बहुधा आधी जाते.

शेतातल्याप्रमाणे काळा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप उतारावरून उघडा आणू नये. गवताची आग त्यावरून गेली की तो वितळतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी पाणी थांबते. पाइप अर्धा मीटर खोल पुरावा आणि जमिनीवरचा भाग जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) ठेवावा.

वीज, गॅस आणि चूल

वायरिंग तांब्याच्या एफआरएलएस (आग पसरू न देणाऱ्या, कमी धुराच्या आवरणाच्या) तारेचे असावे आणि प्रत्येक मजल्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असावा. गॅसच्या टाक्या इमारतीपासून दूर, वरच्या किंवा बाजूच्या अंगाला, लोखंडी जाळीच्या खोलीत ठेवाव्यात.

वणवा बाहेरून येतो, पण तो अतिथिगृहातूनही सुरू होऊ शकतो. पाहुण्यांना पऱ्हाटीवर आणि तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत हवे असते, आणि ते द्यावेच. मात्र पऱ्हाटीच्या हलक्या ठिणग्या वाऱ्यावर दूर जातात. भरताची चूल तीन बाजूंनी भिंत आणि वर स्लॅब असलेल्या, धुराड्याला जाळी लावलेल्या वेगळ्या खोलीत असावी. सरपण आणि तुराट्यांची रास इमारतीपासून दहा मीटर दूर, उताराच्या वरच्या बाजूला, पत्र्याखाली ठेवावी. राख पाणी ओतून विझवल्याशिवाय बाहेर टाकू नये. शेकोटी केवळ पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, दगडी कठड्याच्या आत. फेब्रुवारीपासून पूर्ण बंद.

पाहुण्यांची सुटका

प्रत्येक मजल्यावरून बाहेर पडण्याचे दोन वेगळे मार्ग असावेत आणि दुसरा जिना इमारतीच्या विरुद्ध टोकाला, काँक्रीटचाच असावा. खिडक्यांना चोरांच्या भीतीने पक्के गज बसवले जातात. प्रत्येक खोलीतील किमान एका खिडकीचा गज आतून, किल्लीशिवाय उघडला पाहिजे. खोलीत धूरसूचक आणि प्रत्येक मजल्यावर कोरड्या भुकटीचे एबीसी अग्निशामक असावेत.

सुरत, इंदूर, नाशिक अशा ठिकाणांहून पाहुणे येतात, म्हणून सूचनाफलक मराठी, हिंदी आणि गुजराती या तिन्ही भाषांत लावावेत. कर्मचाऱ्यांचा सराव मात्र त्यांच्या रोजच्या बोलीत, अहिराणीत किंवा पावरीत घ्यावा. निघायचे की थांबायचे, हा निर्णय कोणी घ्यायचा हे आधी ठरलेले असावे. रस्ता मोकळा असताना लवकर निघणे सर्वांत सुरक्षित असते. आग जवळ आल्यावर धुरातून घाटरस्त्याने गाडी काढणे जिवावर बेतू शकते. त्या वेळेसाठी उताराच्या वरच्या बाजूची, कमी खिडक्यांची, दोन दारांची आणि नळ असलेली एक खोली आश्रयाची म्हणून राखावी. भोजनकक्ष या कामाला चांगला उपयोगी पडतो.

वर्षभराची कामे

दिवाळीनंतर पाया आणि रिटेनिंग वॉल सुरू करावी, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत स्लॅब व्हावेत आणि जूनपूर्वी चर व पाझर छिद्रे पूर्ण असावीत, असे वेळापत्रक ठेवल्यास इमारत दोन हंगामांत उभी राहते. वापर सुरू झाल्यावर जानेवारीत गवत कापणे, फांद्या छाटणे आणि जाळ्या तपासणे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डिझेल पंप चालवून पाहणे, झडपा उघडून मिटणे आणि कर्मचाऱ्यांचा सराव घेणे. मार्च ते जून रोज सकाळी दीड मीटरचा पट्टा झाडणे आणि दर आठवड्याला गच्ची साफ करणे, ही कामे एका वहीत नावानिशी वाटून द्यावीत. पहिल्या जोरदार पावसानंतर रिटेनिंग वॉलच्या प्रत्येक पाझर छिद्रातून पाणी येते का ते पाहावे. जे कोरडे असेल ते सळईने मोकळे करून घ्यावे, आणि तरीही पाणी येत नसेल तर त्यामागचा खडीचा थर तुंबला आहे असे धरून तो भाग पुढच्या पावसापूर्वी उघडावा.